तळपाय कोणी बघायचा

चिकलठाणा,
रविवार, दुपार

तीर्थरूप आक्का,

बद्रीनाथचा नमस्कार. पाया पडतो असं लिहिणार होतो, पण सध्या मला वाकता येत नाही. कागदावर वाकलो आहे असं समज. तुझे गुडघे कसे आहेत? पिशोरला थंडी सुरू झाली असेल. तू पाठवलेले मेथीचे लाडू मिळाले. मेथी मधुमेहाला चांगली, हे खरं आहे. ती ज्या गुळात बांधलीस, त्याबद्दल डॉक्टरांना मी अजून विचारलेलं नाही.

माझ्या तब्येतीचं म्हणशील, तर हा आजार नोकरीसारखा आहे. (कारखान्यातून निवृत्त झालो, यातून होता येत नाही.) गोळ्या वेळेवर घेतो. सकाळी चालायला निघतो. पण वाटेत ओळखीचं घर लागतं, आणि चहा नको म्हटलं की माणसं भांडण झाल्यासारखी बघतात. बिनसाखरेचा मागितला तर आत कोणीतरी हळहळतं आणि दया येऊन चमचाभर टाकतंच. म्हणून आता कारखान्यांच्या रस्त्यानं, ट्रकांच्या धुरात चालतो. तिथं मला कोणी ओळखत नाही.

हेही निभलं असतं. अडलं ते पायाशी. पाय बधिर झालेत, तळवे रोज बघायचे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. माझं पोट मध्ये येतं. फरशीवर आरसा ठेवला, तर आरशाला पाय दाखवतात का, म्हणून तुझ्या भावजयीनं, भागूनं तो उचलला आणि स्वतः बघायला बसली. (तिचा मोतीबिंदू पिकायची आम्ही वाट बघतो आहोत.) ती रोज बघायची आणि रोज म्हणायची, "एकदम साफ हाय, काय बी नाय."

मागच्या आठवड्यात घरात टिकटिक सुरू झाली. मी घड्याळ उतरवून सेल काढला. टिकटिक चालूच. मी बसलो की थांबायची, उठून चालू लागलो की सुरू. भागूला पाल वाटली, मला माझं काळीज. शेवटी शेजारचे इब्राहीमभाई आले. मी खाटेवर पाय पसरून बसलो होतो. ते म्हणाले, "बद्रीभाई, पाँव में पिन लगाके कायको फिर रै तुम?" कॅलेंडर लावायची पिन होती. टाचेत पार डोक्यापर्यंत गेलेली. दुखली मात्र नाही. डॉक्टर म्हणाले, रोज नीट धुऊन पट्टी केली तर भरेल. नाहीतर पाय राहील याची हमी नाही.

तू म्हणशील, मथुरा आहे की घरात. आहे. तुझी लेक दवाखान्यात दिवसभर असल्याच जखमा धुते आणि संध्याकाळी माझ्यासमोर बसते. पण ती भाची. आपल्यात मामानं भाचीच्या पाया पडायचं. तिचा हात मामाच्या पायाला लागला तर ते पाप कुठं फेडायचं? (हे भागूचं म्हणणं. जन्मभर माझंही हेच होतं.) मथुरा हात पुढं करते, मी पाय चादरीत ओढतो. परवा ती चिडली. "मामा, जगाचे पाय धुते मी. तुमचेच काय सोन्याचे हायेत?" मग म्हणाली, हातमोजे घालते, म्हणजे शिवणं होत नाय. त्यावर भागू म्हणाली, "देवाला मोजे दिसत नाय व्हय?"

सध्या पट्टी इब्राहीमभाई बांधतात. जन्मभर गाठोडी बांधलेला माणूस. मनापासून बांधतो, गाठोड्यासारखीच. काल ती फाटकाशीच सुटली. तिला वास येत होता.

मथुरा माझ्याशी बोलत नाही. ताट ठेवते आणि जाते. भात मात्र मोजूनच वाढते.

तुझा धाकटा,
बद्रीनाथ

ता. क. : सांगायचं तेच राहिलं. आता घरात तूच मोठी. दोन ओळी लिही, की दुखण्यात भाचीनं मामाच्या पायाला हात लावला तर चालतं. भागूला उद्देशून लिही. मला माझ्या तोंडानं तसं म्हणता येत नाही.

आणखी एक : वरचं लिहून जरा आडवा झालो. उठलो तर टाचेवर नवी पट्टी. सरळ, बेताची घट्ट, गाठ बाजूला. भागू म्हणते, तिनं बांधली. (मथुरा आत भांडी आपटते आहे, पण कालच्याइतकी जोरात नाही.) मी बरं म्हटलं. तरी तू त्या दोन ओळी लिहीच. रोज इतका वेळ झोपेचं सोंग घेणं मला आता झेपणार नाही.