गळतीवरची टोपी

ता. ४ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
दादाचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुम्ही सगळी मजेत आहात हे वाचून बरं वाटलं. मेहुण्यांनी दुरुस्त करून पाठवलेलं गजराचं घड्याळ उत्तम चालतं, फक्त वाजतं स्वतःच्या मर्जीनं. त्यांना म्हणावं, राग नाही. मीही तसाच आहे.

माझं काम तेच, रस्त्याखालचा नळ कुठे गळतोय ते ऐकायचं. तुझ्या पोरी विचारत होत्या म्हणून लिहितो. लोखंडी कांडी जमिनीवर टेकवायची, तिच्या वरच्या पितळी वाटीला एक कान लावायचा, दुसऱ्या कानात बोट खुपसायचं आणि जग विसरून जायचं. गळती सापडली की बोलायचं नाही. तोंड उघडलं की कान हलतो आणि जागा हातची जाते. नुसती मान डोलवायची आणि डोक्यावरची टोपी काढून त्या जागी ठेवायची. मग टोळीतले लोक टोपी उचलतात आणि तिथे टिकाव घालतात. एकदा घाईत टोपीसकट घातला होता. तेव्हापासून आधी उचलतात.

बाकी विशेष काही नाही. रस्तेवाल्यांच्या टोळीला नवा मुकादम आलाय, तो म्हणजे एक बाई. सगळे तिला रोलरबाई म्हणतात, कारण वडील रोलर चालवायचे आणि ही त्यांच्या शेजारी बसून मोठी झाली. त्यांनी रस्ता करायचा आणि आम्ही पाणीवाल्यांनी तो खणायचा, हे वैर तुला ठाऊक आहेच. जुना मुकादम नुसत्या शिव्या द्यायचा. ही परवा आमच्या खड्ड्याच्या काठावर हाताची घडी घालून उभी राहिली आणि शांतपणे विचारती झाली, की तुमचं इथे काही हरवलंय का, दर महिन्याला शोधायला येता म्हणून विचारते. टोळी हसली. मी खड्ड्यात होतो, त्यामुळे मला आधी तिचे डांबर लागलेले बूट दिसले आणि मग बाकीची ती. मी टिकाव उलटा धरून खणायला लागलो. मी, चिमणे.

हल्ली रोज दाढी करतो. धुळीनं फार खाज येते.

लोभ आहेच, तो कुठे झिरपू देऊ नकोस.
तुझा,
दादा

ता. ११ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
चिमणीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. धुळीच्या वाक्यावर हे इतके हसले, की हातातली बारीक स्प्रिंग उडाली आणि अजून सापडलेली नाही. धुळीसाठी रोज दाढी करणारा माणूस आपण आयुष्यात पाहिला नाही, असं यांचं म्हणणं. आणि विशेष काही नाही असं लिहून पुढचं अर्धं पत्र तू जिच्यावर खर्च केलंस, तिला निदान विशेष म्हणायला हरकत नव्हती.

दादा, आता थट्टा बाजूला ठेवते. आई-बाबा गेल्यावर मला वाढवायच्या नादात तुझं राहून गेलं. माझं लग्न लावून दिलंस तेव्हा म्हणालास, आता माझं बघतो. माझ्या पोरी शाळेत जायला लागल्या तरी तुझं बघणंच चाललंय. मागे ती शाळेतली बाई होती, तिला विचारू विचारू म्हणता म्हणता तिच्या बाळाच्या बारशाचे पेढेसुद्धा तू खाऊन आलास. जमिनीखालचं सगळं तुला ऐकू येतं आणि समोरचा माणूस काय म्हणतोय ते मात्र दुसऱ्यांनी सांगावं लागतं.

तेव्हा सरळ विचार. महिनाअखेरपर्यंत तू विचारलं नाहीस तर मी येऊन विचारीन, आणि मी कशी विचारते ते तुला माहीत आहे.

लोभ वाढव, पत्राची लांबीही वाढव.
तुझी,
चिमणी

ता. २४ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
थोरल्या भावाचे आशीर्वाद, वि. वि.

तू येऊ नकोस. मी विचारणारच होतो, दिवसही ठरवला होता. पण मध्ये गळती आली.

झालं असं, की रोलरबाईंनी बाजारपेठेचा रस्ता केला. मुकादम म्हणून पहिलाच. साहेबांनी तो पाहून पसंत केला तर त्या कायम होणार, नाहीतर पुन्हा रोलरवर चालक. मी म्हटलं, साहेब येऊन गेले की त्याच आनंदात विचारून टाकू. त्यांच्याबरोबर चार वेळा चहा झालाय, रोलरच्या पायरीवर बसून, तेव्हा अगदीच परका राहिलो नव्हतो. आणि साहेब यायच्या दिवशी सकाळी, त्याच गुळगुळीत काळ्याभोर रस्त्याखाली, मला सुर्र ऐकू आलं.

कान उपटून फेकावा असं वाटलं. पण पाणी खाली भराव पोखरत राहिलं असतं आणि पुढच्या महिन्यात भर बाजारात रस्ता खचला असता, तोही तिच्या नावावर. गेलो आणि सांगितलं. नव्या सदऱ्यावर शाई सांडलेल्या पोराकडे बघावं तसं तिनं रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाली, खड्डा एकच घ्यायचा आणि तोही रुमालाएवढा. बोटभर इकडे नको की तिकडे नको. मी म्हटलं, एवढं अचूक हवं तर बाजार गप्प करावा लागेल.

तिनं केला की. आधी स्वतःचा रोलर बंद केला. मग दुकानोदुकानी गेली. न्हाव्याची कात्री थांबली, पत्रेवाल्याची हातोडी थांबली, गिऱ्हाइकांची घासाघीस थांबली. बटणांच्या दुकानातल्या आजींनी खोकला पदरात धरून ठेवला. अशी शांतता मी त्या रस्त्यावर कधी ऐकली नव्हती. तेवढ्यात साहेब आले, करकर वाजणारे नवे बूट घालून. न्हाव्यानं तोंडावर बोट ठेवलं, आजींनी बुटांकडे बोट दाखवलं, आणि साहेब मुकाट्यानं बूट हातात घेऊन मोज्यांवर उभे राहिले. एक मोजा फाटका होता. कुणी हसलं नाही.

मी वाकलो, कांडी टेकवली, कानात बोट घातलं, डोळे मिटले. आवाजाच्या मागे मागे सरकत गेलो आणि सापडला. स्पष्ट. मान डोलवली, अगदी जोरजोरात, कारण मला फारच आनंद झाला होता. टोपी काढली आणि ठेवली. जागा नेमकी रोलरबाईंच्या बुटांपाशी निघाली, त्या तिथेच उभ्या होत्या. मग कानातलं बोट काढून डोळे उघडतो तर अख्खा बाजार टाळ्या वाजवतोय. साहेब दोन्ही बूट एकमेकांवर आपटून वाजवतायत.

चिमणे, इतकी वर्षं गळत्या शोधतोय, पण टाळी म्हणून कुणी वाजवली नव्हती. माणसं गुणग्राहक आहेत हो. रोलरबाई लाल झाल्या होत्या, ऊन फार होतं. स्वतःच जाऊन टिकाव घेऊन आल्या. एका रुमालाएवढ्या खड्ड्यात नळाला लोखंडी पट्टी आवळून काम झालं, त्यांनी लगेच बुजवूनही टाकला, आणि साहेब इतके खूश, की तिथल्या तिथे त्यांना कायम केल्याचं सांगून गेले.

न्हाव्यानं माझी फुकट दाढी केली आणि अभिनंदन, फार छान झालं म्हणाला. मी म्हटलं, त्यात काय एवढं, महिन्याला अशा दोन-चार होतातच. त्याचा वस्तरा हवेतच थांबला. आजींनी विचारलं, कधीपासून चाललं होतं. म्हटलं, आतल्या आत बरेच दिवस चाललं असणार, मला आज कळलं. मग म्हणाल्या, आता पुढे काय. मी सांगितलं, पट्टी आवळून वर डांबर टाकलं, आता कुणाला पत्ताही लागणार नाही. त्या माझ्याकडे विचित्रच बघायला लागल्या. वय झालंय त्यांचं.

विचारायचं मात्र राहिलं. रोलरबाई चहाला येतात, कप हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत बसतात, मला घाम फुटतो आणि मी पट्टीच्या बोल्टांबद्दल बोलायला लागतो. हल्ली त्या गप्प गप्प असतात. खड्ड्याचं मनाला लागलेलं दिसतंय. जरा सावरल्या की विचारीन.

तुझा जीव माझ्यात आहे, तो तसाच असू दे.
दादा

ता. २७ फेब्रुवारी

सौ. ताईंना,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी रस्त्यांच्या टोळीची मुकादम. तुमचा पत्ता तुमच्या दादांच्या हत्यारांच्या पेटीतल्या एका पाकिटावरून घेतला. खरं सांगायचं तर चोरून घेतला.

मला आडून बोलता येत नाही. त्या दिवशी बाजार गप्प झाला, तेव्हा मनात आलं की अशी शांतता पुन्हा मिळायची नाही. माझं सगळं बोलणं रोलरच्या आवाजावर ओरडून होतं, आणि ही गोष्ट ओरडून विचारायची नव्हती. तुमचे दादा वाकून माझ्याकडे सरकत येत होते. मी हळूच विचारलं, माझ्याशी लग्न कराल का. शांतता इतकी होती की सगळ्या बाजारानं ऐकलं. त्यांनी डोळे मिटून मान डोलवली, थांबेचनात. मग टोपी काढली आणि माझ्या पायाशी ठेवली. एवढं बोलणं न बोलता करणारा माणूस मी पाहिला नव्हता. ताई, मी टिकाव आणायला गेले ती रडू लपवायला गेले होते.

पण त्यानंतर एक अक्षर नाही. चहाला बसलो की बोल्टांबद्दल बोलतात. त्यात न्हावी सांगतो, महिन्याला अशा दोन-चार होतात असं ते म्हणाले. आजी सांगतात, वर डांबर टाकलंय, कुणाला पत्ता लागणार नाही, असं म्हणाले. तुम्ही त्यांच्या बहीण, म्हणून विचारते. हा माणूस मुळात असाच आहे, की नाही म्हणायची ही त्याची पद्धत आहे? नाही असेल तर वाईट वाटून न घेता कळवा. शहराच्या दुसऱ्या टोकाला जागा रिकामी आहे, सोमवारी साहेबांना सांगून मी तिकडे जाईन.

लोभ मागायचा अजून हक्क नाही, तरी मागते.
आपली,
मुकादम

ता. १ मार्च

ती. स्व. दादास,
नमस्कार नंतर. आधी कुठेतरी बस.

त्या दिवशी तुझा एक कान कांडीला होता. दुसऱ्या कानात बोट कुणाचं होतं? तुझंच ना? मग ऐक. तू जमिनीखालचं पाणी ऐकत होतास तेव्हा तुझ्या डोक्यावर उभी राहून तिनं तुला लग्नाचं विचारलं. भर बाजारात. सगळ्यांनी ऐकलं, न्हाव्यानं, आजींनी, फाटक्या मोज्यातल्या साहेबांनीसुद्धा. शहरातल्या सर्वांत तिखट कानाच्या माणसानं तेवढं ऐकलं नाही. आणि वर तू मान डोलवून तिच्या पायाशी टोपी ठेवलीस. टाळ्या कशाच्या होत्या ते आता कळलं का? आता न्हाव्याला काय बोललास ते आठव. आजींना काय बोललास तेही आठव.

तिचं मला आलेलं पत्र वाचून हे खुर्चीवरून खाली सरकले आणि तिथेच बसून राहिले. मग म्हणाले, तुझ्या दादानं आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर हो म्हटलं, तेही न ऐकता.

तिला वाटतंय तुझी नकाराची ही रीत आहे. सोमवारी ती बदली मागणार आहे. मी तिला काहीएक कळवलेलं नाही, तुझ्या बोटाचा खुलासा तूच करायचास. आजचा वार बघ. आणि पत्राची घडी घालत बसू नकोस, निघ.

लोभाचं नंतर बघू.
चिमणी

ता. ५ मार्च

चि. चिमणीस,
दादाचे आशीर्वाद, मेहुण्यांस नमस्कार, पोरींना पापे, वि. वि.

तुझं पत्र हातात पडलं तो सोमवारच होता. मी उठलो आणि पळालो. टोळीला वाटलं कुठेतरी मोठा नळ फुटला, तेही टिकाव घेऊन मागे पळाले.

ती तळ्याकाठच्या नव्या रस्त्यावर होती. चालक आजारी, म्हणून स्वतःच रोलरवर बसलेली. मी थांबा म्हणून ओरडलो. तिनं मान हलवली. मला वाटलं संपलं. मग लक्षात आलं, की गरम डांबरावर रोलर मध्येच उभा केला तर तिथे खळगा पडतो. पट्टा संपेपर्यंत तिला थांबता येत नव्हतं आणि मला थांबवत नव्हतं. मग मी शेजारून चालायला लागलो.

चिमणे, ही गोष्ट ओरडून विचारायची नसते असं तिनं तुला लिहिलं होतं, ते मला तिनं मागाहून सांगितलं. मी ओरडून विचारली. आधी बोटाचा खुलासा केला, तोही ओरडून. मला ऐकूच आलं नव्हतं, दोन-चार म्हटलं त्या गळत्या, डांबर टाकलं ते गळतीवर, तुमच्यावर नाही. माझी टोळी टिकाव खाली ठेवून ऐकत होती. ती समोर बघत रोलर चालवत राहिली, चेहऱ्यावर काही कळू देईना. मी म्हटलं, त्या दिवशी मान माझी नसून कानाची होती, पण आज माझी आहे, माझ्याशी लग्न कराल का. तीच गोष्ट मी त्या पट्ट्यात किती वेळा विचारली मला माहीत नाही, टोळी निरनिराळे आकडे सांगते.

पट्टा संपला. तिनं इंजिन बंद केलं. इतकी वाट बघून मला आता काही ऐकू येईल की नाही याचीच खात्री वाटेना. ती माझ्या मागे बघत होती. मी वळून बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत तिच्या नव्याकोऱ्या रस्त्यावर माझ्या बुटांचे ठसे उठले होते, खोल, एकामागून एक, आणि मधे मधे जिथे मी उडी मारून बोललो होतो तिथे दोन-दोन जोडीनं.

मी मेलो असं समजलो. ती मात्र हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग बाजूला सरकून बसली आणि म्हणाली, चढा वर, गार व्हायच्या आत हे सगळं दोघांनी मिळूनच सपाट करायला हवं.

आणि आम्ही उलटे निघालो, चिमणे, रोलरवर, माणसाच्या चालीनं. घाई कुणालाच नव्हती.

लग्नाला तुम्ही सगळे या. मेहुण्यांना म्हणावं, ते घड्याळ राहू दे घरी. माझ्यावर लोभ आहेच, आता त्यातला अर्धा तिच्या वाट्याला दे.
तुझा,
दादा

ता. क. खाली तिनंही काही लिहायचं म्हणते आहे. मी कागद सोडतो.

वन्सं, ठसे पुसले. एक जोडी ठेवली आहे, कडेला. साहेबांनी विचारलं तर तुमच्या दादांचं नाव सांगणार आहे.