फ्रीज आहे

४ मार्च

हद्द झाली! फ्रीजला कुलूप! कपाटाला असतं, पेटीला असतं, मान्य. पण फ्रीजला? दाराला चांगली जाड कडी ठोकून घेतलीय आणि वर कुलूप. मी आपली पाहणीचा फॉर्म घेऊन रोजच्यासारखी विचारत सुटलेले – पंखा? आहे. मोबाइल? आहे. फ्रीज? "आहे, आहे!" त्या घरातले सासरे मोठ्या तोऱ्यात. नळाच्या सामानाचं दुकान आहे त्यांचं. "आमच्याकडे कमी कशाची?" आमच्या पाहणीची रीतच अशी – घरातल्या कर्त्याला विचारायचं, तो सांगेल ते लिहायचं, की पुढचं दार. केली मी खूण. फ्रीज आहेच की!

निघताना धाकटी सून जिन्यापर्यंत आली. अगदी हळू आवाजात – "ताई, माझं इन्शुलिन त्यातच असतं. साखरही. मुंग्या लागतात ना, म्हणून."

"आणि किल्ली?"

"बाबांच्या खिशात. ते दिवसभर दुकानात."

रक्तातली साखर अचानक उतरते तिची. तेव्हा लगेच काहीतरी गोड तोंडात टाकावं लागतं.

५ मार्च

डोक्यातून जात नाही. थोरल्या बहिणीला सांगितलं तर म्हणते, "लोकांच्या घरात नाक खुपसायचा पगार मिळतो तुला, आणि अजून धक्के बसतात?" हसले. मग इतका संताप आला की भाजी करपली.

६ मार्च

साहेबांकडे गेले. म्हटलं, बायकांना वेगळं विचारू या. ते मान वर न करता – "फ्रीज आहे ना? मग आहे. जगभर असंच मोजतात. तुमच्यासाठी वेगळं जग काढू का?" म्हटलं, अहो, तिला हात लावता येत नाही त्याला! तर म्हणे, "आपण घर मोजतो, बाई. आत कोण कुणाला काय देतं, तो त्यांचा प्रश्न."

शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला फिदीफिदी हसला. एक ठेवून द्यावी असं वाटलं.

आणि कहर म्हणजे, फ्रीज आहे म्हणून ते घर आता 'गरीब नाही'. म्हणजे आरोग्यसेविका तिथे फिरकणारसुद्धा नाही. गरीब घरांतच जाते ती. माझ्या एका खुणेनं!

९ मार्च

रविवार असून गेले परत. सासरे दुकानात, सासू घरी. बाई वाईट नाही हो! बसवलं, पाणी दिलं. "कुलूप नसलं की नातवंडं दूध संपवतात, मग ह्यांचं डोकं फिरतं." म्हटलं, सुनेची साखर उतरली तर? "दुकानात हाक मारायची. दुकान काय परदेशात आहे?" म्हटलं, अहो, एक किल्ली द्या की तिला.

पाण्याचा पेला उचलत म्हणाली – "मला तरी कुठे दिलीय?"

गारच पडले मी! नातवंडं झाली बाईला, आणि घरातल्या दुधाची किल्ली नाही!

येताना सुनेच्या हातात साखरेची पुडी कोंबली. तिने परत केली. "सापडली तर चोरी केली म्हणतील, ताई. आमच्या ह्यांचा पगार इथेच येतो, बाबांकडे. बाबा म्हणतात, मागितलं की देतो ना?" तिचा नवरा बाहेरगावी. चोरी! स्वतःच्या घरात!

१२ मार्च

साहेबांना लेखी अर्ज दिला. "बघू." म्हणजे नाही.

२ मे

अहवाल आला. गुळगुळीत कागद, वर हसणारी बाई. कुठून आणतात ह्या बायका?

१८ सप्टेंबर

पाहणीची दुसरी फेरी. तेच घर. सासरे दारातच बसलेले, चेहरा उतरलेला. "सून गेली हो आमची. साखर उतरली. मी दुकानात होतो." आत सासू भिंतीकडे तोंड करून. पण विचारलं, कारण विचारावं लागतं. माणसं किती? सहा होती, आता पाच. मिळकत? तेवढीच.

ऑफिसात चष्मेवाल्याने आकडे टाकले. मिळकत तीच, माणूस एक कमी – माणशी उत्पन्न वाढलं. घर वरच्या गटात गेलं.

"अरे वा," म्हणाला, "हे घर सुधारलं."