वरवंट्याखालचा दोरा

शनिवार, संध्याकाळ. गारखेडा.

म्हातारे, उद्या सकीनाकडून हे पान वाचून घेशील अन् विचारशील, "हे मी कधी सांगितलं?" आजच सांगितलंस, शेजारच्या सकीनानं लिहून घेतलं.

आमचे हे गेले तेव्हा अर्धी राहिलेली गळाची काठी आज पुरी केली. बांबूवर कड्या बांधताना ते काठी फिरवायचे, मी समोर बसून रेशमी दोरा ताणून धरायची. मी बोलत सुटले की दोरा सैल. मग ते ओरडायचे, "तोंड चालव, पण दोरा धर!" आज तो वरवंट्याखाली दाबला. लई घट्ट बसला. कुणी ओरडलंच नाय.

लिहिता लिहिता सकीना म्हणाली, "मावशी, मला हाक मारायची की!"

"तुला तो माझ्यासारखा सैल सोडता येतो व्हय?"

काठी लासूरच्या पुतण्याला जाईल. सकीना, त्याला कळव: "या काठीनं धरलेला पहिला मरळ मासा मला पाठव, पण हातात धरून तूच घेऊन ये."