कॉफीतलं लोणी

प्रिय ठमाबाई,

तुझ्या परवाच्या फोननंतर मी तीन वेळा कागद घेऊन बसलो आणि तीन वेळा उठलो. पहिल्यांदा तुझ्या आईनं भाजी निवडायला बसवलं. दुसऱ्यांदा एक बाई वॉशिंग मशीनचं झाकण घेऊन दुकानात आली. नुसतं झाकण, मशीन घरी ठेवून, आणि वर मलाच विचारते की पाणी का गळतंय. तिसऱ्यांदा कुणी आलं नाही, माझाच मला राग आला. आज दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून बसलोय. फोन करत नाही, कारण फोनवर तू मला दोन वाक्यांच्या वर बोलू देत नाहीस. दिवसभर बँकेत लोकांच्या तक्रारी ऐकून तुला सवयच लागलीये, समोरच्यानं तोंड उघडलं रे उघडलं की 'तुमची अडचण समजली' म्हणायची. माझी अडचण तुला समजलेली नाही. तेव्हा आता गुमान वाच.

तू फोनवर जे सांगितलंस ते मी नीट ऐकलंय. मिक्सर दुरुस्तीला टाकलास. मेकॅनिकनं उघडून दाखवलं की मोटर ठणठणीत आहे, पाणीबिणी काही शिरलेलं नाही, फक्त आतले दोन कार्बन कुणीतरी हातानं काढून घेतलेत. तू तशीच घरी आलीस आणि नवऱ्याला विचारलंस. त्यानं मान खाली घालून 'हो, मीच काढले' म्हटलं. मग तू त्याला काय काय बोललीस तेही मला ऐकवलंस. लबाड, आतल्या गाठीचा, आधी पाणी गेलं म्हणून खोटं बोलला, आता याच्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवायचा. रविवारी तो बॅग भरून बहिणीकडे गेला. आणि इथं तुझ्या आईनं शनिवारी सकाळच्या गाडीचं तिकीट काढलंय, तुला आणायला. तुझ्या जुन्या खोलीतलं शिलाई मशीनसुद्धा तिनं बाहेर काढलं, मला न विचारता. अगं, दोन कार्बन! करंगळीच्या नखाएवढे कोळशाचे तुकडे असतात ते, मोटरला वीज पोचवणारे. मी आयुष्यात हजारो बदलले असतील. त्यांच्यापायी कुणाचा संसार मोडलेला मी तरी ऐकला नाही.

कार्बनपायी नाही, खोटेपणापायी, असं तू म्हणशील. बरोबर आहे. त्याकडे येतो. पण आधी त्या कॉफीबद्दल मला बोलू दे, नाहीतर पुढचं लिहायला हात चालणार नाही.

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवस तुझ्याकडे राहायला आलो, तेव्हाची पहिली सकाळ आठव. सात वाजता मी अंघोळ करून, केस विंचरून, टेबलाशी बसलो होतो. लेकीच्या हातचा नाश्ता करणार म्हणून रात्री दोन घास कमीच खाल्ले होते. तू आलीस. मिक्सरच्या भांड्यात गरम कॉफी ओतलीस. त्यात बिनमिठाच्या लोण्याचा हा एवढा गोळा टाकलास. मग चक्क खोबरेल तेलाची बाटली घेतलीस. मला वाटलं आता ही केसांना लावणार. छे! तेही एक चमचाभर कॉफीतच. झाकण दाबून धरलंस आणि घर्रर्र सुरू. मी काहीतरी विचारत होतो, तू मानेनंच 'थांबा' म्हणालीस. मग तो फेसाचा ग्लास उभ्यानंच प्यायलीस, एका पायात चप्पल, दुसरी पायानंच शोधत. मी विचारलं, नाश्ता कुठाय? तर म्हणे, बाबा, हाच नाश्ता.

वर मला व्याख्यान. ऑफिसातल्या कुठल्याशा बाईनं यानंच अकरा किलो घटवले. दुपारपर्यंत भूक लागत नाही. मेंदू कसा सुरळीत चालतो. अगं, मेंदू म्हणजे काय पंख्याचं बेअरिंग आहे, तेल सोडलं की कुरकुर थांबली? चाळीस वर्षं मी यंत्रांना तेल घालत आलो, माणसाला तेल घालायचं असतं हे मला तुझ्या घरी कळलं. दुसऱ्या दिवशी मलाही एक ग्लास करून दिलास. लेकीचं मन मोडायला नको म्हणून प्यायलो. कॉफी पोटात गेली आणि लोणी मिशीत राहिलं. दुपारपर्यंत ओठाला मेणबत्ती चोळल्यासारखं वाटत होतं. तू गेल्यावर तुझ्या त्या मुखस्तंभ नवऱ्यानं, एक अक्षर न बोलता, दोन अंडी आणि चार पाव भाजून माझ्यापुढे ठेवले आणि शाळेत गणित शिकवायला निघून गेला.

आणि भूक लागत नाही म्हणे! शनिवारी सुट्टी होती तेव्हा साडेदहाला फ्रीजचं दार उघडून, आत डोकं खुपसून, कालचे उकडलेले बटाटे मीठ लावून कोण खात होतं? मी पाहिलं. एका डोळ्याला पट्टी होती, दुसरा उघडा होता.

पण खरं सांगू का ठमे, लोण्याशी माझं काही वैर नाही. तेल पी, तूप पी, तुझं पोट आहे. माझी तडफड वेगळीच होती. तू लहान असताना मी साडेआठला दुकान उघडायचो आणि रात्री नऊला बंद करायचो. घरी यायचो तेव्हा तू झोपलेली. तेव्हा माझी पोरगी मला जी काही ठाऊक आहे, ती सकाळच्या त्या वीस मिनिटांतली. पावाच्या कडा काढून माझ्या ताटलीत टाकायचीस. वर सांगायचीस की कडा खाल्ल्या की टक्कल पडतं, आणि तुम्हाला पडलंच आहे. भूगोलात नापास झालीस तेही तू मला पावाला लोणी लावता लावता सांगितलंस, मान वर न करता, आणि एकाच पावाला तीनदा लोणी लावलंस. तुझ्या आईला ते महिनाभर माहीत नव्हतं. जगात माझ्याकडे तेवढाच काय तो मान होता, की अवघड गोष्ट ही पोरगी आधी नाश्त्याला मला सांगते.

ऑपरेशनची तारीख मिळाली तेव्हा लोकांना डोळ्याची काळजी लागते. मी मनातल्या मनात हिशेब केला, पंधरा सकाळी. लाज वाटते सांगायला, पण मी खूश होतो. आणि त्यातल्या चार गेल्या तुझी पाठ बघण्यात आणि मिक्सरचा आवाज ऐकण्यात. तो बंद व्हायचा तेव्हा तू दारात असायचीस. संध्याकाळी तू यायचीस ती वैतागलेली, जेवायचीस, आणि आडवी.

तेव्हा आता ऐक. कार्बन मी काढले. तुझ्या नवऱ्यानं नाही. मी, तुझ्या बापानं. पाचव्या दिवशी पहाटे, तुम्ही दोघं उठायच्या आत. बारका स्क्रू ड्रायव्हर माझ्या खिशात असतोच, हॉस्पिटलातही होता, नर्सनं काढून ठेवायला लावला तर मी तिच्याशी भांडलो होतो. मिक्सर पालथा केला, खालचं झाकण उघडलं, दोन्ही कार्बन काढून शर्टाच्या खिशात टाकले, झाकण बसवलं. या कामाला मला डोळा लागतच नाही, बोटांना पाठ आहे. तू उठलीस, बटण दाबलंस, शुकशुकाट. मला म्हणालीस, बाबा, बघता का जरा? मी पट्टीकडे बोट दाखवलं. डॉक्टरनं वाकायला, ओझं उचलायला, बारीक काम करायला बंदी केलीये म्हणालो. बंदी होतीच, त्यात खोटं काही नव्हतं. तेवढ्यात तुझा नवरा म्हणाला की काल मीच ओलं भांडं ठेवलं असेन, पाणी गेलं असेल आत. तू त्याच्यावर करवादलीस. आणि मी? मी मूग गिळून बसलो. नुसता बसलो नाही, अंडं खात बसलो.

त्यानंतरच्या दहा सकाळी माझ्या आयुष्यातल्या चांगल्या सकाळींपैकी होत्या, हे मी आता कुठल्या तोंडानं सांगू? पण होत्या. तू खुर्ची ओढून बसलीस. पाव भाजलास, जाळलास, परत भाजलास. तुमच्या मॅनेजरची नक्कल केलीस तेव्हा मला ठसका लागला आणि तू माझ्या पाठीत धपाटे घातलेस. आणि सातव्या की आठव्या दिवशी, चहा ढवळत, मान वर न करता तू सांगितलंस की वरच्या जागेसाठी तुला डावललं, दोन महिने झाले, आणि ते फक्त नवऱ्याला ठाऊक आहे. त्यानं दोन महिन्यांत कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता. माझ्याजवळही नाही, आणि आम्ही रोज दुपारी घरात दोघंच असायचो.

निघायच्या आदल्या दिवशी कार्बन परत बसवायला हवे होते. नाही बसवले. म्हटलं, तो बंद आहे तोवर तरी नाश्त्याला बसेल पोरगी. मग कधीतरी टाकेल दुरुस्तीला, मेकॅनिक नवीन घालून देईल, विषय संपला. ते दोन तुकडे मी स्टँडवरच्या कचरापेटीत टाकले आणि गाडीत बसलो. मेकॅनिक खरं काय ते तोंडावर सांगेल हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. मी स्वतः हेच काम करतो आणि गिऱ्हाइकाला असंच उघडून दाखवतो. म्हातारपणी अक्कल कुठं चरायला गेली होती कोण जाणे. गिऱ्हाइकाच्या यंत्रातला चांगला भाग काढणाऱ्याला आमच्या धंद्यात काय म्हणतात ते मी इथं लिहीत नाही.

परवा तुझा फोन आला तेव्हाच बोलायला हवं होतं. तुझ्या आईनं हातातून फोन ओढून घेतला हे खरं. पण मीही तो घट्ट धरला नव्हता. दोन दिवस झाले, तुझी आई उठता बसता जावयाचा उद्धार करतेय आणि मी मान डोलावतोय. आज संध्याकाळी तिला सांगणार आहे. ती मला काय म्हणेल ते म्हणू दे. तिकीट मात्र मी रद्द करणार, आणि शिलाई मशीन आत नेऊन ठेवणार.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी हे सगळं खरडलं. तू विचारशील, तुम्ही काढले होते तर तो 'मी काढले' का म्हणाला? त्याला माहीत होतं, ठमे. पहिल्या दिवसापासून. त्या पहाटे मी अंधारातच मिक्सर पालथा घालून बसलो होतो. एक स्क्रू हातातून सुटला आणि टेबलाखाली गेला. तो शोधायला मी खाली वाकणार, एवढ्यात दिवा लागला. पाणी प्यायला आला होता तो. मिक्सर बघितला, माझा हात बघितला, खिसा बघितला. माझी अशी गाळण उडाली की सांगता सोय नाही. पासष्ट वर्षांचा माणूस, जावयासमोर चोरी करताना सापडलेला. तो मला हातानं बसा म्हणाला, गुडघ्यावर बसून टेबलाखालून स्क्रू शोधून काढला, माझ्यासमोर ठेवला, आणि पाणी न पिताच परत खोलीत गेला. तासाभरानं तुझ्यासमोर त्यानं ते पाण्याचं खोटं सांगितलं, आणि गेल्या आठवड्यात दुसरं. दोन्ही माझ्यासाठी. बायको गेली तरी चालेल, पण सासऱ्याची तिच्यासमोर नाचक्की नको, असं मनाशी धरून तो चार दिवस बहिणीच्या घरी बसलाय, आणि मी इथं बसून त्याला तसं बसू दिलं. कुरिअरवाला म्हणाला, उद्या दुपारपर्यंत पोचेल. वाचलंस की फोन करत बसू नकोस त्याला, फोनवर तो काही बोलायचा नाही. उठ आणि स्वतः जा. मला काय बोलायचं ते नंतर बोल, मी ऐकून घेईन, मध्ये तोडणार नाही. आधी त्याला घरी आण.

तुझाच,
चुकलेला बाप