पृथ्वी मध्येच थांबली त्याची हकिकत

आसगाव, रविवार

आदरणीय वासुदेवराव भाऊजींना मुरारीचा वाकून नमस्कार. शालूताईचे गुडघे कसे आहेत? तुमचा खोकला? वरठीची हवा मानवत नसेल तर चार दिवस इकडे या (पण हे पत्र पूर्ण वाचून मग ठरवा). आमच्याकडे सगळे ठीक म्हणायचे. फोन न करता पत्र लिहितो, कारण फोन तांदळाच्या डब्यात सुकतो आहे.

तुम्ही जमवलेली माझ्या ज्योत्स्नाची सोयरीक मोडायला आली आहे, भाऊजी. मोहाडीचे कृष्णराव माणूस चांगला, मुलगा मिथुन तर त्याहून चांगला (त्याचे नाव निघाले की ज्योत्स्ना भाजीत दोनदा मीठ घालते). पण कृष्णराव निवृत्त झाल्यापासून दिवसभर मोबाइलवर व्हिडिओ पाहतात. त्यात त्यांना अपोफिस नावाचा लघुग्रह भेटला आणि त्यांनी निरोप धाडला, की १३ एप्रिल २०२९ ला तो पृथ्वीजवळून जाणार आहे, तो एकदाचा जाऊ द्या, मग लग्नाचे बघू. तोवर पोरीने काय हळद भिजवून बसायचे?

मग मीही त्या लघुग्रहाची सगळी माहिती काढली. तीन-साडेतीनशे मीटरचा दगड, भुईमुगाच्या शेंगेसारखा मध्ये दबलेला. त्याला स्वतःभोवती धड फिरताही येत नाही, कोलांट्या खात जातो. सूर्याभोवतीचा फेरा मात्र वर्षाच्या आत उरकतो (आमच्या ग्रामपंचायतीने शिकण्यासारखे आहे), आणि त्याची वाट पृथ्वीच्या वाटेला छेदते. लोक घाबरतात ते इथेच. पण वाटा छेदल्या म्हणजे टक्कर होते असे नाही, दोघे एकाच वेळी तिथे पोहोचायला हवेत. तो तर बत्तीसेक हजार किलोमीटरवरून निघून जाणार. पुढची शंभर वर्षे तरी धोका नाही, असे शास्त्रज्ञ सांगून मोकळे झालेत. कृष्णराव घरी आले तेव्हा हे सगळे मी त्यांना ऐकवले. ते म्हणाले, "दाखव मंग."

आता मासे मारणाऱ्याच्या घरी दाखवायला डोंग्याशिवाय काय असणार? शेजारच्या श्रावणला सूर्य करून तलावात छातीभर पाण्यात बांबू धरून उभा केला. एक डोंगा पृथ्वी. तो वल्हवायला माझ्यासोबत मासे मारणारा खेमराज, आणि पृथ्वीवरची जनता म्हणून मध्ये कृष्णराव. दुसरा डोंगा लघुग्रह, म्हणजे मी. पृथ्वी आधी पुढे निघून जाईल आणि मी तिच्या मागून सुखरूप पार होईन, असा हिशेब होता. अर्धे गाव तलावाच्या पारीवर, बांधावर चढून जमले होते. पहिला फेरा इतका झकास झाला, की सूर्यसुद्धा टाळ्या वाजवू लागला (आणि बांबू सोडून बसला).

दुसऱ्या फेऱ्यात कृष्णरावांनी मला येताना पाहिले. ते उभेच राहिले. "अबे थांबव, खेमराज, थांबव! हा अंगावर येऊन राहिला ना!" खेमराज पडला आज्ञाधारक. त्याने वल्हे रोवले आणि पृथ्वी जागच्या जागी थांबली. पृथ्वी मध्येच थांबते हे कुठल्याही गणितात नाही, भाऊजी. मी काय करणार? धडकलो. कृष्णराव पाण्यात, खेमराज पाण्यात, मी फोनसकट पाण्यात.

बाहेर काढल्यावर कृष्णराव माझ्या लुंगीत थरथरत उभे राहिले आणि तलावाकडे बोट करून बराच वेळ काहीतरी बोलले. पण कवळी तलावात पडलेली, त्यामुळे एक अक्षर कोणाला कळले नाही. लग्नाला हो म्हणाले की नाही, हे परत विचारायची माझी छाती झाली नाही. तेव्हापासून ज्योत्स्ना माझे ताट वाढते आणि पाठ फिरवून आत जाते. ते मला सहन होत नाही. तुम्ही मोहाडीला जाऊन एवढेच सांगा, की शास्त्र बरोबर होते, चूक पृथ्वीची होती.

तुमचा,
मुरारी

ता. क. कवळी जाळ्यात सापडली. पत्रासोबत श्रावणच्या हाती डबा पाठवला आहे, त्यात आहे. पण लगेच देऊ नका. आधी चार माणसांत विचारा, "लग्न पक्के ना?" त्यांनी मान हलवली, की मगच डबा उघडा.

पुन्हा ता. क. ज्योत्स्नाने वरचे वाचले. म्हणाली, "बाबा, असं नोका करू. दात पहिले द्या त्याईले. नाही म्हणाचं असन तं दात लावून म्हणू द्या, मी ऐकून घेईन." मी बाप असून मान खाली घातली. तेव्हा डबा बिनशर्त द्या.

आणखी एक. डब्यात कवळ्या दोन आहेत. जाळ्यात दोन्ही आल्या, आणि दुसरी आपली म्हणायला आसगावात कोणी तयार नाही. दोन्ही लावून पाहायला सांगा. जी लावून ते हो म्हणतील, ती त्यांची.