लिनियाच्या केकवरची फुलं

४ जानेवारी, शनिवार

आज काय झालं, क्रमाने:

१. माझ्या तळघरातल्या फ्रीजरमध्ये माझ्या बहिणीच्या, लिनियाच्या, लग्नाच्या केकचा सगळ्यात वरचा थर ठेवला आहे. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला नवरा-बायकोने मिळून खायचा, अशी रीत आहे म्हणून. तिच्या फ्रीजरमध्ये जागा नव्हती, माझ्याकडे होती.
२. त्यावर साखरेची पाच फुलं होती.
३. आता चार आहेत.
४. पाचवं मी काढून छर्र्याच्या बंदुकीने उडवलं. फोटोसाठी.

संत्री, अंडी, बल्ब, सगळं फोडून झालं होतं. गोठलेली साखर काचेसारखी फुटते. पद्धत नेहमीचीच: मिट्ट काळोख, कॅमेऱ्याचं शटर उघडं, टेबलावरच्या मायक्रोफोनने बंदुकीचा आवाज ऐकला की फ्लॅश. आज माइकने त्याआधी कपडे वाळवायच्या मशीनचा धप्पकन आवाज ऐकला. फोटोत फूल अखंड आहे, पाकळीन् पाकळी सुबक. फुटलं ते नंतर, अंधारात.

पाचापेक्षा चार जास्त समतोल दिसतात. बाकीच्यांना हात लावणार नाही.

१२ जानेवारी

तीन.

यात आमच्या फोटोग्राफी क्लबच्या ओबरहोल्ट आजोबांचाही वाटा आहे. सगळ्यांसमोर म्हणाले, "टिल्डा, पोरी, पुन्हा संत्रं? तू फोटो काढतेस की रस काढतेस?" सगळे हसले. मीही हसले, तोंडानेच.

मशीन बंद ठेवलं होतं. पण माइक लांब राहिला, फ्लॅश उशिरा उडाला. फोटोत साखरेचा धुरळा आहे. कशाचा, ते सांगावं लागेल, आणि सांगता येणार नाही.

तीन फुलांचा छान त्रिकोण होतो. इथे थांबले.

१९ जानेवारी

लिनियाचा फोन. तिचा नवरा कर्टिस नाताळपासून भावाकडे सिरॅक्यूजला राहतोय. मला वाटलं होतं, कामासाठी गेलाय. भांडण मिटलेलं नाही. पण बावीस फेब्रुवारीला, लग्नाच्या वाढदिवसाला, घरी येतो म्हणालाय. "केक खाऊ, मग काय ते ठरवू," असं दोघांचं ठरलंय.

मग तिने विचारलं, "नीट आहे ना गं केक?"

मी सांगितलं, शून्य फॅरनहाइटला आहे, एकदाही वर गेला नाही.

"अगं बाई, मी हवामान नाही विचारलं!"

मी म्हणाले, आहे. केक आहे हे खरंच होतं. तिने फुलं किती, असं विचारलं नव्हतं.

बंदूक माळ्यावर ठेवून दिली.

२ फेब्रुवारी

बंदूक खाली आणली. कारण: उरलेली फुलं उपटली तर आयसिंग निघेल, केक विद्रूप होईल. म्हणजे केकच्या भल्यासाठीच ती जागच्या जागी उडवणं बरं. छर्रा फक्त वरून जाणार होता. रिकाम्या टेबलावर नेम तपासून घेतला होता.

केकखालचा जाड पुठ्ठा मोजायचा राहिला. केक तेवढा वर आला, छर्रा तेवढा खाली लागला. केकच्या मधोमध; सगळा फुटला.

फोटो आजवरचा सर्वोत्तम. प्रत्येक कण वेगळा, हवेत थबकलेला. क्लबच्या वसंत प्रदर्शनात दर्शनी भिंत माझीच.

दर्शनी भिंत. लिनिया तिथे दरवर्षी येते.

९ फेब्रुवारी

बेकरीत गेले. तो केक ज्यांनी केला होता, त्याच मिसेस डिपास्क्वाले होत्या. म्हणाल्या, "तस्साच करून देते, राणी. पण वर्षभर गारठलेल्या केकला फ्रीजरची चव येते. ती मी कुठून आणू?"

ती माझ्याकडे आहे. नवा केक आठवडाभर फ्रीजरमध्ये उघडाच मासळीशेजारी ठेवायचा. प्रश्न सुटला. ऑर्डर दिली.

घरी येऊन मासळीशेजारी जागा केली.

१६ फेब्रुवारी

लिनियाचा फोन. कर्टिस डळमळला होता. म्हणाला, उगाच कशाला, काही उरलंय का आपल्यात. ती म्हणाली, केक उरलाय.

तो म्हणाला, "हो? अजून आहे?"

"मी म्हटलं, टिल्डाकडे आहे. तिच्याकडे ठेवलेलं काही बिघडत नाही. तेव्हा कुठे हसला बघ. कितीतरी दिवसांनी हसला, टिल्डे."

मी म्हणाले, हं.

"हं काय, येडे! जीव टांगणीला लागलाय माझा."

मी फोन ठेवला आणि तळघरात जाऊन फ्रीजरचं तापमान पाहिलं. शून्य. त्याने काहीही बरं वाटलं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बेकरीची ऑर्डर रद्द केली.

लिनियाला निरोप. पहिला मसुदा: "केकला तडा गेल्याचं आढळलं." आढळलं, म्हणजे कुणालाही आढळू शकतं. खोडला. दुसरा: "चाचणीदरम्यान केकचं नुकसान झालं." कसली चाचणी? खोडला. तिसऱ्यात फोटो किती चांगला आलाय ते दोन ओळींत होतं. त्या दोन ओळी लिहिल्याची लाज वाटते. खोडल्या.

पाठवला तो हा:

"लिनिया, केक फुटला. फ्रीजर बिघडलेला नाही. मी फोटोसाठी त्यावर बंदूक झाडली. त्याआधी दोन फुलं काढून तीही फोडली. तुला विचारलं नाही. नवा केक जुना म्हणून द्यायचा बेत होता, तो सोडला. तुकडे वेचून परत गोठवले आहेत. छर्रा काढला आहे. तो फोटो कुठेही लावणार नाही. कर्टिसला तू सांगतेस की मी सांगू? गुरुवारपर्यंत कळव."