देवाला पत्ता सांगितला

६ एप्रिल

विनायकचा फोन आला. दोन वाक्यं धड बोलला नाही. पोटचा मुलगा, पण आवाज असा की कुणी परकंच बोलतंय. तेलाच्या जहाजावर बोसन आहे, खलाशांचा मुकादम. जहाज भरलेलं नि आखातात अडकलेलं. तिकडे लढाई, बाहेर पडायची समुद्राची वाट चिंचोळी, आणि त्या वाटेत जहाजांवर वरून काय काय येऊन पडतं. टीव्हीवाल्यांना एक जळतं जहाज मिळालंय, सकाळपासून तेच जाळतायत.

म्हणाला, एका बेटाच्या आड नांगर टाकून उभे आहोत. बेटाचं नाव सांगितलं. मालवणीत बोलत होता म्हणून बिनधास्त, आजूबाजूला केरळी नि फिलिपिनी, कोणाला काय कळतंय. नाव अवघड. तोंडात बसेपर्यंत म्हणून घेतलं. जहाज कुठे आहे ते जगाला दाखवणारं यंत्र कप्तानानं बंद केलंय. अवसेच्या काळोखात निघणार.

"आये, कोणाक सांगू नुको हां."

म्हटलं, मी कोणाला सांगणार? मी काय रेडिओ आहे?

७ एप्रिल

शेजारची मंगल घावणे घेऊन आली. विचारपूस करायला. म्हणजे टीव्हीत दिसलं नाही ते आमच्या तोंडावर दिसतं का बघायला. घावणे बरे होते.

गाव सगळा शहाणा झालाय. तिठ्यावरच्या हॉटेलात, ज्याची कुडाळ स्टँडवर बस चुकते तो अमेरिकेनं काय करायला हवं होतं ते सांगतोय. दुसरा म्हणतो, आपण मध्ये पडायला हवं. म्हटलं, पड मग. माझा झील आधीच पडलाय.

देवगडहून भाच्याचा फोन. त्याच्या पेट्या दुबईला जायच्या होत्या, विमानं नाहीत म्हणून वाशीला पडून. त्याला आंब्याचं दुःख, सुनेला, सुलभाला, नवऱ्याचं. दोघांनी एकाच फोनवर रडून घेतलं.

९ एप्रिल

सुलभा जेवत नाही. भाताचा गोळा ताटात फिरवते नि उठते. सुनेला ओरडून काय होणार, तरी ओरडले. म्हणाली, रवळनाथाक गाऱ्हाणा घालूया. बरं म्हटलं. देवळात तरी टीव्ही नाही.

दाजींना सांगून आले. गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा, आणि आवाजही. दाजी देवाशी बोलले की पलीकडच्या वाडीतल्या म्हशी मान वर करतात.

११ एप्रिल

गाऱ्हाणं झालं. बरीच माणसं जमली. मंगल सगळ्यांत पुढे.

दाजींनी आधी मला बाजूला घेऊन विचारलं. विनायकचं नाव सांगितलं, बापसाचं सांगितलं. कुठे आहे तर म्हटलं, आखातात आहे म्हणा, पुरे. खेकसले माझ्यावर.

"आखात केवढा आसा तुका ठावक आसा? पत्तो सारको सांग. नायतर देव मालवणच्या जेटीर सोधीत बसतलो."

आमच्याकडे असंच आहे. म्हैस चुकली तरी कुठल्या सड्यावर चरत होती ते गाऱ्हाण्यात सांगतात. अर्धवट सांगितलेलं देव अर्धवट करतो. म्हणून सांगितलं. जहाजाचं नाव, बेटाचं नाव, यंत्र बंद केलंय ते, अवसेला निघणार ते. दाजींनी नारळ ठेवला नि सुरू केलं, बा देवा रवळनाथा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराचा जहाज अमुक बेटाच्या आड उभा आसा... एकेक गोष्ट घेऊन, सावकाश. दर वाक्याला सगळं देऊळ "व्हय म्हाराजा."

बेटाचं नाव दाजी माझ्यापेक्षा चांगलं बोलले.

घरी आल्यावर सुलभा पोटभर जेवली. मलाही हलकं वाटलं. खोटं कशाला लिहू.

१३ एप्रिल

नात तन्वी कॉलेजातून आली ती पाय न धुता आत. "आजी, गाऱ्हाण्याचो व्हिडिओ बघलंस?"

रिक्षावाल्या बाबलनं काढलेला. मुंबईच्या लोकांना गावचं देऊळ दिसावं म्हणून गावाच्या ग्रुपवर टाकला. तिथून गोव्याला. तिथून जहाजवाल्यांच्या ग्रुपवर. कुणीतरी खाली हिंदीत अर्थ लिहिला. आणखी कुणीतरी नकाशा काढून त्या बेटाला लाल गोल केला, वर बासरी लावली. म्हटलं, लावूदे. देवाचं आहे, चोरीचं नाही.

तन्वी माझ्याकडे बघत राहिली. आईसारखे डोळे आहेत, पण अक्कल आमच्या घरातली.

"कप्तानान यंत्र कित्याक बंद केला, ता बाबांनी सांगल्यानी तुका? कोणाक कळू नये म्हणान. आणि आपण ढोल वाजवन सांगलंव."

पायरीवर बसले. आमसुलं वाळत घातली होती, कावळे येत होते, हाकलले नाहीत.

मालवणी कुणाला कळते म्हणून त्यानं मला सांगितलं. ज्याला मालवणी कळते त्या देवाला मी सांगितलं. मधल्या जगाचा विचार दोघांनीही केला नाही.

१४ एप्रिल

बाबलच्या रिक्षापुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, शिरा पडो तुझ्या त्या मोबाईलार. त्यानं माझ्या देखत पुसला. म्हणाला, "माझ्यातसून गेलो गो आजी, पण पुढे गेलो तेका मी काय करू?" नि रडायला लागला, रिक्षातच, मागे गिऱ्हाईक बसलेलं असताना. विनूसाठीच टाकलेला म्हणे, लोक प्रार्थना करतील म्हणून. लोक करतायतसुद्धा. खाली हात जोडलेले किती, बघ म्हणून मलाच दाखवायला लागला.

त्याच्या हातात मोबाईल होता, माझ्या हातात पत्ता.

१५ एप्रिल

कंपनीच्या माणसाचा फोन. सुलभानं मोबाईल माझ्या हातात दिला. गोड बोलणारा. गोड बोलणाऱ्याची मला आधीच भीती.

"मावशी, व्हिडिओतली माहिती तुम्हाला कुणी दिली?"

म्हटलं, टीव्हीत ऐकली.

"टीव्हीवर जहाजाचं नाव आलेलं नाही, मावशी."

मग म्हटलं, म्हाताऱ्या माणसाच्या स्वप्नात येतं. तो म्हणाला, जहाजावरच्या लोकांना सक्त ताकीद आहे, कुठे आहोत ते घरीसुद्धा सांगायचं नाही. ज्यानं सांगितलं असेल त्याला पुन्हा जहाजावर घेतील असं वाटत नाही. आणि निघायचं होतं तेव्हा आता निघणार नाहीत. तुमच्या व्हिडिओमुळे.

"मग केव्हा?" हे माझ्या ओठावर आलं होतं. जीभ चावली.

म्हटलं, माझ्या मुलानं काही सांगितलं नाही, माझं नाव लिहून घ्या. तर म्हणाला, तुमचं नाव लिहून मी काय करू मावशी.

बरोबर आहे. माझं नाव कुठल्या जहाजावर आहे?

१६ एप्रिल

सागरी पोलिसांतला हवालदार आला. ओळखीचा, रापणीवर मासे घ्यायला येतो. ऑफिसची मराठी बोलत होता, सदर व्हिडिओ, सदर इसम. चहा घेतल्यावर मालवणीवर आला. वरून विचारणा आली आहे म्हणाला, लिहून न्यायला लागेल. न्या म्हटलं.

दर वर्षी हे लोक किनाऱ्यावर सभा घेतात. अनोळखी बोट दिसली, कळवा. अनोळखी माणूस उतरला, कळवा. समुद्रातून काय येईल त्यावर आम्ही डोळे लावून बसलो. आपल्याकडून काय जाईल ते कुणी शिकवलं नाही. त्याला म्हटलं तसं. म्हणाला, "आजी, पुढच्या सभेत सांगशात?" माझी मस्करी करत होता की खरंच विचारत होता, कळलं नाही. म्हटलं, आता मी कुठेच काही सांगायची नाही.

१७ एप्रिल

अवस. विनायकचा फोन नाही. लागतही नाही.

सुलभा पडवीत बसून होती. मी नारळ सोलत होते. एकदम म्हणाली, "तुमी सांगल्यात म्हणान ते थांबले. थांबले थंयच काय झाला तर?"

मी म्हटलं, आणि निघाले असते नि वाटेत झालं असतं तर?

दोन्ही खरं. दोन्हीपैकी एकही कुणाला सांगता येणार नाही. सुलभा उठून आत गेली. माझ्याशी बोलत नाही. बरोबरच आहे, तिच्या जागी मी असते तर भांडी आपटली असती.

१८ एप्रिल

तन्वी सांगते, बेटाशेजारी आणखीही जहाजं आहेत म्हणे. त्यांच्याही आया असतील. त्यांनी तोंड बंद ठेवलं असेल.

फोन नाही.

१९ एप्रिल, रविवार

दाजी स्वतः घरी आले. कधी येत नाहीत. चार दिवस मान खाली घालून फिरत होते म्हणे, बाजारातही गेले नाहीत. म्हणाले, दुसरं गाऱ्हाणं घालू नि पत्ता मागे घेऊ. देवाला सांगितलेलं मागे घेता येतं का, ह्यावर देवळाच्या पायरीवर चर्चा सुरू झाली. एक म्हणतो, येत नाही, सुटलेला शब्द. दुसरा म्हणतो, नवीन खोटा पत्ता देऊ म्हणजे शत्रू फसेल. मी म्हटलं, आणि देव? तो त्या खोट्या पत्त्यावर गेला म्हणजे? हसले सगळे. मीही हसले असेन.

शेवटी दाजी उभे राहिले. बाबलला मोबाईल बाहेर रिक्षात ठेवून यायला लावलं, सगळ्यांनाच लावलं. नारळ ठेवला.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा..."

नि थांबले. एवढा बोलणारा माणूस. नाव नाही घेतलं, गाव नाही. तोंड उघडून मिटलं. लोकांना कळेना, व्हय म्हाराजा कधी म्हणायचं. मागे कुणीतरी खोकलं. एकानं अर्धवट "व्हय" म्हटलं नि गप्प झाला.

मग दाजी हळू, आपल्यातच बोलल्यासारखे म्हणाले, "काय मागूचा आसा ता तुका ठावक आसा."

सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. मंगलसुद्धा हळू म्हणाली.

सुलभा माझ्या बाजूला उभी होती. लांब सरकली नाही. तेवढंच.

२१ एप्रिल

कंपनीच्या माणसाला तन्वीनं फोन लावला. म्हणाला, सगळे सुखरूप आहेत, एवढंच सांगतो, जास्त विचारू नका. सुखरूप हा शब्द त्याच्या तोंडात मला बर्फातल्या मासळीसारखा वाटला. ताजी आहे म्हणतात, म्हणजे कधीची?

तिकडच्या लढाईनं सिलिंडरही अडकलेत, गॅस मिळाला नाही. चुलीवरच.

२४ एप्रिल

दुपारी फोन वाजला. नंबर भलताच, लांबलचक. सुलभा विहिरीवर. तन्वी कॉलेजात. मी घेतला.

"आये."

त्याचाच आवाज. खरखर होती मागे, समुद्राची की पंख्याची की यंत्राची, ओळखू आली नाही. त्या अवघड नावाच्या बेटाआड आहे, वाट ओलांडून इकडे आलाय, की कुठल्या बंदरात उतरवून घरी पाठवतायत, काही कळायला मार्ग नाही. ते व्हिडिओचं त्याला ठाऊक आहे का, तेही. सगळं तोंडात आलं होतं. आईचा पहिला प्रश्न एकच असतो, खंय आसस रे? शाळेतून उशीर झाला तरी तोच विचारायचे, मुंबईला गेला तरी तोच.

म्हटलं, "जेवलंस?"

मग म्हणाला, "जेवलंय."

"काय होता?"

"भात. नि कसली तरी मासळी."

"ताजी?"

हसला की दम लागला, सांगता येत नाही. "आये, आणि काय..." म्हणाला नि फोन तुटला.

सुलभा कळशी घेऊन धावत आली, अर्धं पाणी वाटेत. माझा हात घट्ट धरला. खंय आसत ते? काय म्हणाले? खंय आसत?

म्हटलं, भात जेवला.